पहिली बंडी कोणाची?

रंगराव देशमुखांनी मला फसवले. पहिल्या बैलबंडीचा हार माझा होता, तो त्यांनी स्वतःच्या बैलाच्या गळ्यात घालून घेतला, आणि तोही माझ्या बंडीच्या मागे उभे राहून. हे अकोल्याच्या वेशीत, भर दिवसा, ताशे वाजत असताना घडले. पाहणारे पुष्कळ होते. आता त्यांतले थोडे उरलेत आणि जे उरलेत त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात रंगरावांचे चिरंजीव माधवराव यांचा लेख आला होता. त्यात त्यांनी वडिलांना ‘वऱ्हाडच्या कापसाचे पहिले धुरकरी’ म्हटले आहे. कापसाच्या तेजीच्या वर्षी अमरावतीहून अकोल्याला गेलेल्या सर्वांत मोठ्या रांगेची पहिली बंडी वडिलांनी हाकली, आणि तिथे मिळालेल्या हाराची फुले घरच्या देव्हाऱ्यात चांदीच्या डबीत जपून ठेवली आहेत, असे ते लिहितात. मी लेख वाचला आणि अंक विहिरीत टाकला. मग गळ टाकून काढला, कारण संपादकांचा पत्ता आत होता. संपादकांनी उलट लिहिले की रागावू नका, तुम्हीही लिहा, पण गमतीचे लिहा. त्या वर्षांत शेतकऱ्यांनी चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या, ते लोकांना वाचायला आवडते. चांदीच्या धावा मी पाहिल्या नाहीत. आमच्या लोखंडी धावाच, म्हणजे चाकाभोवतीच्या पट्ट्याच, चाकावर टिकत नव्हत्या. उन्हाने लाकूड आकसले की धाव निघून पुढे पळायची आणि आम्ही तिच्यामागे.

शहरातल्या वाचकांसाठी आधी धुरकरी म्हणजे काय ते सांगतो. बैलबंडीचे पुढचे टोक, जुवाजवळचे, ती धूर. तिच्यावर बसून बैल हाकणारा तो धुरकरी. एवढे सोपे आहे, पण माणसांनी त्याचे तीन प्रकार केलेत. वाटेवर कोणी ‘ए धुरकरी’ अशी हाक मारली, तर समजावे की त्याला फुकट बसायचे आहे. माघात पिके निघाली की मोकळ्या वावरात आमच्याकडे बैलजोड्यांची शर्यत होते, तिला शंकरपट म्हणतात. तिथे रेंगी नावाच्या हलक्या गाडीवर उभा राहून जो जोडी पळवतो, तोही धुरकरीच, पण त्याला फेटा बांधतात, आणि बायका पोरांना उचलून दाखवतात की पाहा, तो धुरकरी. आमच्याकडचे देशमुख-पाटील पटात धुरकरी व्हायला जीव टाकत, आणि त्याच माणसाला वाटेवर धुरकरी म्हटले तर मारायला धावत. तिसरा प्रकार हल्ली निघाला आहे. तो सभेत खुर्चीवर बसतो, समाजाची धुरा वाहतो आणि त्याच्याकडे बैल नसतात. रंगराव दुसऱ्या प्रकारचे होते. माधवरावांनी लेखातून त्यांना तिसऱ्यात नेले, त्याला माझी हरकत नाही. पण जाता जाता पहिल्या प्रकारातला माझा हार घेऊन गेले, तिथे माझे भांडण आहे.

मी पातूरकडचा माळी. बाप वांगी-मिरची करायचा आणि मी ती बंडीत घालून अकोल्याच्या भाजीबाजारात न्यायचो. वांग्यांनी मला धंदा शिकवला. बंडीत माल मागे जास्त झाला की बंडी उलार होते, धूर वर उचलते आणि जोत, म्हणजे जुवाचा पट्टा, बैलांच्या गळ्याला लागते. पुढे जास्त झाला की धुरजड होते आणि बैलांचे खांदे सोलतात. माल बरोबर मधे हवा, आणि चढावर धुरकऱ्याने पुढे सरकायचे, उतारावर मागे. मी वांगी तशी लावायला शिकलो, मग कापूस लावणे म्हणजे खेळ होता.

तेवढ्यात अमेरिकेत लढाई लागली. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि सगळे वऱ्हाडाकडे धावले. त्या लढाईत कोण जिंकले ते मला नीट ठाऊक नाही. आमच्याकडे बंडीवाले जिंकले. आगगाडी अजून अकोल्याला पोचली नव्हती. कापूस घरोघर पडलेला आणि बंडी मिळत नाही, अशी दशा. ज्या शेटजींनी मला कधी ओट्यावर बसू दिले नव्हते, ते माझ्या बैलांना गूळ चारू लागले.

भाव करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बोलणे अर्ध्यावर आले की मी उठून बैल सोडायचो. जोते काढायचे, जू खाली ठेवायचे, वैरण टाकायची आणि स्वतः आडवे व्हायचे. सोडलेले बैल पाहिले की व्यापारी स्वतःच भाव वाढवतो. एकदा एका शेटजींचा मुनीम वाटेत चोरी होईल म्हणून कापसाच्या बोदावर, म्हणजे मोठ्या भरल्या पोत्यावर, बसून निघाला. मी सांगितले, मधे बस, नाही तर बंडी उलार होईल. तो मागे बसला, कारण मागून चोर येतात. बडनेऱ्यापुढच्या नाल्यात बंडी चढाला लागली, धूर वर, मुनीम खाली, आणि वरून एक बोद. त्याला ओढून काढले तेव्हा त्याने पहिली गोष्ट विचारली, बोद भिजला का. असा इमानी माणूस पुन्हा पाहिला नाही. पुढच्या खेपेला तो मधे बसला.

आता रांगेचा नियम, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. कापसाच्या बंड्या एकट्या जात नसत, रांगेने जात. पुढच्या बंडीला मागच्याने ओलांडायचे नाही, काही झाले तरी नाही. पांढरीची म्हणजे गावातली असो की काळीची म्हणजे शेतातली, वाटेवर गुडघाभर धूळ. पुढचे काही दिसत नाही. मग बैल पुढच्या बंडीच्या घंटेवर चालतात. धुरकरी झोपतो, बैल झोपत नाहीत. म्हणून पुढची बंडी मुरलेल्या माणसाची लागते. त्याला वाट ठाऊक हवी, काटेपूर्णा नदीचा उतार कुठे घट्ट आहे ते ठाऊक हवे, आणि त्याच्या बैलांचा पाय एकसारखा हवा. शिवाय त्याला धूळ खावी लागत नाही. बाकीचे मुक्कामाला पोचत ते पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखे. मी तेवढा माणसासारखा दिसायचो. झुमरलाल शेटजींच्या रांगेत ती जागा माझी होती. माझे बैल लाखन आणि हौश्या. लाखनच्या गळ्यात काशाची जुनी घंटा होती, तिला तडा गेलेला. ती ठण वाजून वर खर्र करायची. तशी दुसरी घंटा वऱ्हाडात नव्हती.

रंगराव अमरावतीकडच्या एका मोठ्या गावचे देशमुख. उंच, गोरे, आवाज मोठा. त्यांची पाखऱ्या-बिजल्या ही जोडी पटात मागच्या वर्षी पहिली आली होती. त्या बैलांना वर्षभर काही काम नसे. दूध पीत आणि सावलीत उभे राहत. पण त्या वर्षी बंड्यांची एवढी ओढ होती की रंगरावांना राहवले नाही. त्यांनी पटाची जोडी कापसाच्या बंडीला जुंपली, हाकायला शेख मदार नावाचा धुरकरी ठेवला आणि बंडी झुमरलालच्या रांगेत घातली. देशमुखांची बंडी म्हणून तिला शेवटी कशी लावणार? ती माझ्या पाठोपाठ लागली. मी तेव्हाच मदारभाईला म्हटले की हे बैल पळणारे आहेत, यांना रांगेची सवय लावू नकोस, बिघडतील. तो म्हणाला, “नथ्थूभाऊ, बैलाले समजावून सांग, मले झोप येऊन राहिली.” आणि कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत तो झोपला. पाखऱ्या-बिजल्या माझ्या घंटेमागे चालत राहिले.

संक्रांतीनंतर शेटजींनी सर्वांत मोठी रांग ठरवली. मुंबईच्या पेढीचा माणूस स्वतः अकोल्याला माल उतरवून घ्यायला येणार होता. वेशीत ताशे, नारळ, आणि पहिल्या बंडीच्या बैलाला हार. शिवाय पहिला जो येईल, त्याची बंडी पुढे कायम पहिली राहणार. हे कळताच रंगरावांना धुरेवर बसायची हुक्की आली. ते म्हणाले, पहिली बंडी देशमुखांची. मी म्हणालो, पहिली बंडी ज्याला वाट ठाऊक त्याची. शेटजींना दोघांपैकी कोणालाच नाही म्हणायचे नव्हते. ते म्हणाले, आठ दिवसांवर पट आहे, दोघे पळा, जो जिंकेल तो पुढे.

लोक मला हसले. ओझ्याचे बैल पटात कोणी नेत नाही. पण मी रागावलो की मला दुसरे काही सुचत नाही. मी रेंगी मागून आणली आणि गेलो. त्या गावाचे नाव लिहीत नाही, तिथे माझी नात दिली आहे.

वावरात दोन चाकोऱ्या आखल्या होत्या, मधे राखेची रेघ. पंच होते रंगरावांचे व्याही. सुरू होण्याआधी मी मुद्दाम सर्वांसमोर विचारले की माझ्या बैलाच्या गळ्यात घंटा आहे, ती ठेवू की काढू. मागून कुरकुर नको. भावात आधी सगळे बोलून घ्यायची माझी सवय. रंगराव रेंगीवर उभे होते, नवा फेटा, मिशीला पीळ.

“राहू दे तुहं ते फुटकं भांडं,” ते म्हणाले. “भांड्यानं का बैल पळते?”

लोक हसले. मीही हसलो.

इशारा झाला. पाखऱ्या-बिजल्या असे सुटले की माझ्या तोंडात त्यांची माती गेली. माझे बैल मुक्कामाला निघाल्यासारखे निघाले. लाखनची घंटा वाजली, ठण, खर्र. पुढची जोडी निम्म्या वावरात होती. तिचे कान मागे झाले. घंटा मागून येते आहे, हे त्या बैलांच्या डोक्यात बसेना. सगळा हंगाम ती पुढे वाजली होती. ते थबकले. रंगरावांनी पराणी टोचली, शेपट्या पिळल्या, त्यांच्या आईबापांची नावे घेतली. बैल उभे. माझी जोडी शांतपणे बाजूने गेली, आणि ती पुढे होताच पाखऱ्या-बिजल्यांनी राखेची रेघ ओलांडली, माझ्या चाकोरीत आले, आणि नाके माझ्या रेंगीला लावून मागे चालू लागले. रंगराव उभ्याचे बसले. आम्ही असे शेवटपर्यंत गेलो. मधे एकदा मी मागे वळून त्यांना तंबाखू विचारली.

फेटा माझा होता. पण व्याही उठले. ते म्हणाले की दोन्ही जोड्या एकाच चाकोरीतून आल्या, तेव्हा ही शर्यत झाली नाही, ही रांग झाली. रांगेत हारजीत नसते. पट झालाच नाही, म्हणून फेटा मागच्या वर्षीच्या धुरकऱ्याकडेच राहील. मागच्या वर्षीचे धुरकरी रंगराव. त्यांनी वर असेही म्हटले की नथ्थ्याने घंटा वाजवून माझे बैल भुलवले. ज्या घंटेला त्यांनी दहा माणसांत भांडे म्हटले, तीच घंटा. मी पंचांना जे बोललो ते संपादक छापणार नाहीत. चौघांनी मला धरले, त्यांतला एक मदारभाई होता. तो धरत कमी होता आणि हसत जास्त होता.

रांग निघायच्या सकाळी अमरावतीच्या वेशीबाहेर त्या फेट्याच्या जोरावर रंगरावांची बंडी सर्वांत पुढे उभी होती, माझी दुसरी. शेटजींनी नारळ फोडला. रंगरावांनी कासरा झटकला. बैल हलले नाहीत. समोर मोकळी वाट होती आणि त्या वाटेवर कोणाची घंटा नव्हती. रंगराव उतरले, पुढे होऊन त्यांनी वेसण ओढली. बैलांनी माना वळवून मागे, माझ्या लाखनकडे पाहिले. मागे सगळी रांग खोळंबली आणि धुरकरी एकेक करून पुढे येऊन पाहू लागले. मी उतरलो, बैल सोडले, वैरण टाकली आणि आडवा झालो.

शेटजी धावत आले. त्यांचे म्हणणे असे की मुंबईवाला वाट पाहत बसेल, तू पुढे हो, भांडण मागाहून करू. मी डोळे मिटलेलेच ठेवले. मग रंगराव आले. त्यांनी सुचवले की मी घंटा हातात घेऊन त्यांच्या बैलांपुढे पायी चालावे. यावर मी उठून बसलो आणि त्यांना माझा भाव सांगितला. दाणा नको, वैरण नको. सगळ्या धुरकऱ्यांसमोर त्यांनी म्हणायचे की पहिली बंडी नथ्थूची.

रंगरावांनी आभाळाकडे पाहिले. शेटजींनी त्यांचा दंड धरला.

“तुही बंडी पयली,” रंगराव म्हणाले. “झालं?”

“मोठ्यानं म्हना, मालक. मागच्याले ऐकू नाई गेलं.”

ते मोठ्याने म्हणाले. एवढ्या मोठ्याने म्हणाले की माझे बैल दचकले. मी बैल जुंपले, पुढे झालो, लाखनची घंटा वाजली आणि पाखऱ्या-बिजल्या आनंदाने मागे लागले. मूर्तिजापूर, काटेपूर्णा, सगळी वाट मी पहिला होतो. रंगराव सगळी वाट माझी धूळ खात होते. तो प्रवास मला अजून आठवतो आणि अजून गोड लागतो.

अकोल्याजवळ मोर्णेच्या काठी रंगरावांनी अंघोळ केली, जरीचा फेटा बांधला, मदारभाईला खाली उतरवला आणि स्वतः धुरेवर बसले. मला वाटले, हौस आहे, बसू दे. वेशीत ताशे सुरू झाले. मुंबईचा माणूस झेंडूचा जाड हार घेऊन उभा होता. त्याने शेटजींना विचारले, पहिली बंडी कोणती? शेटजी फेटा नीट करू लागले. तेव्हा माझ्या मागून तो मोठा आवाज आला.

“हे पाहा, हे इकडची. पुढची घंटेवाल्याची हाय. ते वाट दाखवाले ठेवली, तिले रांगेत मोजत नसते.”

मुंबईचा माणूस हार घेऊन माझ्या बैलांच्या बाजूने गेला. लाखनने त्याच्याकडे मान पुढे केली होती. हार पाखऱ्याच्या गळ्यात पडला. रंगरावांनी हात जोडून चहूकडे नमस्कार केला. अमरावतीच्या वेशीत मोठ्याने म्हटलेला शब्द अकोल्याच्या वेशीत येईपर्यंत विरला होता.

पुढे जे झाले ते बैलांनी केले, असे मी तेव्हा सांगितले आणि आजही तेच सांगतो. कापसाचा बाजार डावीकडे होता. भाजीबाजार उजवीकडे. लाखन आणि हौश्या लहानपणापासून अकोल्यात शिरले की उजवीकडे वळत आलेले. ते वळले. घंटा वळली म्हणून पाखऱ्या-बिजल्या वळले. मागची बंडी पुढचीला सोडत नाही, म्हणून सगळी रांग वळली. ताशेवाल्यांना वाटले असेच ठरले असेल. तेही वाजवत मागे आले. रंगराव धुरेवर उभे राहून कासरा ओढत होते आणि लोकांना वाटत होते की ते दर्शन देत आहेत.

भाजीबाजारात गयाबाई नावाची माळीण बसायची, माझी वांगी वर्षानुवर्षे घेणारी. तिने आधी मला पाहिले, मग मागचा जरीचा फेटा, मग त्यामागचे न संपणारे कापसाचे डोंगर. तिने टोपली बाजूला ओढली.

“बसा जी मालक,” ती रंगरावांना म्हणाली. “कापूस कसा जुडी लावला? संगं मिरच्या देता का कोथिंबीर?”

सगळा बाजार हसला. मदारभाई मागून पायी येत होता, तो तर वांग्यांच्या ढिगात बसला. रंगराव मला ओरडून सांगत होते की पुढे चल, आणि मी तर मोजलेला नव्हतो, मी कसा चालणार? मी नेहमीप्रमाणे गयाबाईच्या ओट्याशी बैल सोडले. हौश्या मागे फिरला, पाखऱ्याच्या गळ्याला नाक लावले आणि हार खायला लागला. सावकाश, एकेक झेंडू. पाखऱ्या मान खाली घालून उभा राहिला; सगळा हंगाम तो आमच्या मागे चालला होता, आधी आमच्या बैलाने खायचे हे त्याला योग्यच वाटले असेल. शेवटी दोरा राहिला, तो हौश्याने थुंकला.

कापूस बाजारात न्यायला संध्याकाळ झाली. शेटजींनी पहिली जागा माझ्याकडून काढली. माझे पाय चांगले होते आणि जीभ त्याहून चांगली; मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेलो आणि पुढे स्वतःच्या बंड्या केल्या. मदारभाईचे मात्र वाईट झाले. हसला म्हणून रंगरावांनी त्याला तिथेच सोडले आणि हंगामाचे उरलेले दिवस त्याला कोणी बंडी दिली नाही. माझ्याकडे ये म्हटले, तर म्हणाला, “नाई भाऊ, तुह्या मागं झोप लागत नाई आता, हसू येते.” त्याच्यासाठी मी तेव्हा भांडायला हवे होते. मी हारासाठी भांडत बसलो. मग आगगाडी आली, आणि कोणाची बंडी पहिली हे विचारणारेच कोणी उरले नाही. रंगराव गेले. लाखन-हौश्याही गेले. हौश्याला मी बांधावर पुरला, तिथे झेंडू लावला आहे.

आता माधवरावांना विचारतो. आपले वडील पहिले होते, तर त्यांच्या बैलांची नाके सगळी वाट कोणाच्या बंडीला लागली होती? पंचांचे नातू आज त्या पटाचे पंच आहेत, त्यांनाही विचारतो. आजोबांनी रांगेत हारजीत नसते म्हटले, मग त्याच रांगेतल्या पहिल्या बंडीला हार कसा? दोघांनी उत्तर द्यावे, आणि छापील द्यावे. आणि ती चांदीची डबी एकदा चारचौघांत उघडावी. त्या हारातले एकेक फूल माझ्या हौश्याच्या पोटात गेले, हे अख्ख्या भाजीबाजाराने पाहिले. दोरा माझ्याकडे आहे, मी तो घेऊन येतो. देव्हाऱ्यात जपलेली फुले कोणाच्या हारातली आहेत, ते माधवरावांनी सांगावे.